काझुओ इशिगुरो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी भेटेल त्याच्या हातात नोबेलविजेता कादंबरीकार इशिगुरोचं पुस्तक कोंबत आलोय. काहींनी ते वाचलं, काहींनी अजून परत केलेलं नाही. वाचणाऱ्यांनी जे विचारलं ते, माझ्या कुवतीप्रमाणे दिलेल्या उत्तरांसकट, इथे एकत्र केलं आहे. आवडत्या लेखकाला मराठी वाचक एकेरीतच हाक मारतो, तेव्हा 'सर' ही पदवी मिळालेल्या या माणसालाही इथे 'तो'च म्हटलंय. जिथे गोष्टीचं गुपित फुटतं तिथे आधी सांगितलं आहे.

नाव अस्सल जपानी, मग हा इंग्लिश कादंबरीकार कसा?

जन्म नागासाकीचा, ८ नोव्हेंबर १९५४. वडील शिझुओ इशिगुरो समुद्रशास्त्रज्ञ होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं बोलावणं आलं आणि १९६० मध्ये हे कुटुंब लंडनच्या नैऋत्येला, सरे परगण्यातल्या गिल्डफर्ड गावी येऊन राहिलं. तेव्हा काझुओ पाच वर्षांचा होता. मुक्काम एक-दोन वर्षांचाच असणार होता. मग 'पुढच्या वर्षी परत जाऊ' हे वाक्य दर वर्षी बोललं जाऊ लागलं आणि त्यात मुलाचं बालपण सरलं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांना हे वाक्य चांगलंच ओळखीचं असेल.

घरात जपानी बोलणं, जपानी रीत. दाराबाहेर इंग्लिश शाळा आणि चर्चच्या गायकवृंदात गाणं. आजीआजोबा जपानहून दर महिन्याला पार्सल पाठवत. त्यात मुलांची मासिकं, चित्रकथा. या सगळ्यातून त्याच्या डोक्यात एक जपान उभा राहिला, ज्यात तो एक दिवस परतणार होता. पार्सलं किशोरवयात थांबली. परतणं झालंच नाही. पुढे जपानला त्याचे पाय लागले ते थेट १९८९ मध्ये, आणि तोवर जपानवरच्या दोन कादंबऱ्या छापूनही झाल्या होत्या!

त्यानं स्वतःच सांगितलंय की डोक्यातला तो जपान वर्षागणिक पुसट होत चालला होता. तो कुठल्याही विमानानं गाठता येणार नव्हता, म्हणून तो कागदावर उतरवून ठेवण्यासाठी त्यानं लिहायला घेतलं. ब्रिटिश नागरिकत्व त्यानं १९८३ मध्ये घेतलं. शाळा, विद्यापीठ, भाषा, प्रकाशक सगळं इंग्लंडचं. मला विचाराल तर तो पुरता इंग्लिश लेखक आहे, फक्त इंग्लंडकडे पाहुण्याच्या नजरेनं पाहायची सवय त्याची कधी गेली नाही.

त्याला जपानी येतं का?

आईवडिलांशी बोलण्यापुरतं. पाच वर्षांच्या मुलाची भाषा जिथे थांबली तिथेच ती राहिली, असं तोच म्हणतो. त्याच्या कादंबऱ्या जपानी वाचक अनुवादात वाचतात.

वडिलांच्या संशोधनाबद्दल काहीतरी ऐकलं होतं…

बरोबर ऐकलंत. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्राला उधाण आलं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून जास्त माणसं बुडाली. नेदरलँड्समध्ये तर अठराशेच्या वर. असं उधाण आधी ओळखता यावं म्हणून शिझुओ इशिगुरोंनी विजेच्या मंडलांतून समुद्राची नक्कल करणारं एक भलंमोठं यंत्र बांधलं. ते आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गणिताच्या दालनात ठेवलेलं आहे. तारा, खटके, तबकड्या. बाप पाण्याखालचं बळ मोजत बसला आणि मुलगा शांत दिसणाऱ्या माणसांच्या तळाशी काय हलतंय ते लिहीत बसला, ही तुलना मोहाची आहे. मी तो मोह आवरलेला नाही.

नागासाकीचा म्हणजे अणुबॉम्बवर लिहिलं असेल?

थेट फारच थोडं. ९ ऑगस्ट १९४५ ला त्याची आई शिझुको नागासाकीतच होती, स्फोटात उडालेला राडारोडा लागून जखमी झाली होती. त्याची पहिली कादंबरी 'अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स' (१९८२) युद्धानंतरच्या नागासाकीत आणि नंतरच्या इंग्लंडमध्ये घडते. त्यात बॉम्ब कुणाच्या तोंडी फारसा येत नाही. इंग्लंडमध्ये एकटी राहणारी एत्सुको तिच्या थोरल्या मुलीच्या आत्महत्येबद्दल बोलायचं टाळते आणि त्याऐवजी फार वर्षांपूर्वीच्या एका शेजारणीची, तिच्या हट्टी पोरीची हकिगत सांगत बसते. शेवटाकडे एका वाक्यात 'ती' ऐवजी 'आपण' येतं आणि वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. हे दुसऱ्याच्या नावानं स्वतःचं सांगणं त्याच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकात आहे. २०२५ मध्ये जपानी दिग्दर्शक केई इशिकावा यांनी या कादंबरीवर चित्रपट केला. तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

तो लेखक कसा झाला?

खरं तर त्याला गाणी लिहायची होती. पंधराव्या वर्षापासून गिटार, डोक्यात बॉब डिलन आणि लेनर्ड कोहेन. शाळा संपल्यावर त्यानं काही काळ बाल्मोरल या स्कॉटलंडमधल्या शाही इस्टेटीवर राजमातेच्या शिकारीत हाकारे घालण्याचं काम केलं, म्हणजे झुडपांतून पक्षी उठवायचे आणि बंदुकीवाल्यांकडे हाकायचे. मग वाढवलेले केस आणि पाठीला पिशवी घेऊन अमेरिका-कॅनडाभर लिफ्ट मागत हिंडला. गाण्यांच्या टेपा रेकॉर्ड कंपन्यांना पाठवल्या, त्यांचं काही झालं नाही.

केंट विद्यापीठातून १९७८ मध्ये इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवी. त्यानंतर लंडनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी. तिथे लॉर्ना मॅकडूगल भेटली, तीही समाजकार्यातली. त्यांचं लग्न १९८६ मध्ये झालं. त्यांची मुलगी नाओमी हीसुद्धा लेखिका आहे.

कलाटणी मिळाली ती १९७९ मध्ये, ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमात. शिकवायला माल्कम ब्रॅडबरी आणि अँजेला कार्टर. तो नॉरफकमधल्या बक्स्टन या खेड्यात एका माळ्यावरच्या खोलीत राहायचा. खिडकीतून नांगरलेली शेतं दिसायची. समकालीन ब्रिटनवर काहीबाही लिहायचा प्रयत्न चालला होता, आणि एका रात्री अचानक नागासाकीबद्दल, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांबद्दल लेखणी धावू लागली. ही गोष्ट त्यानं नोबेलच्या व्याख्यानात सांगितली आहे. ते व्याख्यान छोटं आहे आणि त्याच्या कुठल्याही पुस्तकाआधी वाचायला उत्तम आहे.

यात मुंबईच्या सलमान रश्दीचा काय संबंध?

काळाचा संबंध. १९८१ मध्ये रश्दीच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'ला बुकर मिळालं आणि इंग्लंडमधल्या प्रकाशकांना एकाएकी साक्षात्कार झाला की इंग्रजी कादंबरी फक्त इंग्रजांचीच असते असं नाही. सगळे 'आणखी एक रश्दी' शोधायला लागले. त्याच सुमाराला आपलं जपानी नाव आणि जपानी चेहरा घेऊन आपण आलो आणि त्याचा फायदा आपल्याला मिळाला, हे इशिगुरो मोकळेपणानं कबूल करतो.

त्याची पुस्तकं क्रमानं सांगा.

'अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स' १९८२, 'अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' १९८६, 'द रिमेन्स ऑफ द डे' १९८९, 'द अनकन्सोल्ड' १९९५, 'व्हेन वुई वेअर ऑर्फन्स' २०००, 'नेव्हर लेट मी गो' २००५, 'नॉक्टर्न्स' हा पाच कथांचा संग्रह २००९, 'द बरीड जायंट' २०१५ आणि 'क्लारा अँड द सन' २०२१. चाळीस वर्षांत कादंबऱ्या आठच.

सुरुवात कुठून करू?

'द रिमेन्स ऑफ द डे'. भूतकाळ, इतिहास, बडी घरं यांचा कंटाळा असेल तर 'नेव्हर लेट मी गो'. 'द अनकन्सोल्ड'पासून सुरुवात करू नका, मला शिव्या पडतात.

आणि ज्यांच्या घरात नुकतंच लग्न ठरवण्याचं काम झालंय त्यांनी 'अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' घ्यावी. गंमत नाही. १९४८ ते १९५० चा काळ, निवृत्त चित्रकार मासुजी ओनो, त्याच्या धाकट्या मुलीचं स्थळ पाहणं चालू. आदल्या वर्षी एक जमत आलेलं लग्न काही कारण न सांगता मोडलेलं. आता नव्या स्थळाची माणसं चौकशी करणार, जुन्या ओळखीच्यांना जाऊन विचारणार. ओनोनं युद्धाच्या काळात साम्राज्याच्या प्रचाराची चित्रं काढली होती, एका शिष्याला पोलिसांच्या तोंडी दिलं होतं. तो गुपचूप जुन्या लोकांच्या गाठीभेटी घेत फिरतो, कोण काय बोलेल याचा अंदाज घेत. 'चौकशी' या एका शब्दाचं वजन मराठी वाचकाला जेवढं कळेल तेवढं लंडनच्या वाचकाला कळणार नाही.

'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये तर काही घडतच नाही. लोकांना एवढं काय दिसतं त्यात?

(या उत्तरात गोष्ट फुटते. पण ही कादंबरी फुटूनही बिघडत नाही.)

जुलै १९५६. स्टीव्हन्स नावाचा उतारवयाचा बटलर, म्हणजे बड्या घरातला मुख्य नोकर, मालकाची फोर्ड गाडी घेऊन इंग्लंडच्या नैऋत्येकडे सहा दिवसांच्या प्रवासाला निघतो. मालक नवा आहे, अमेरिकन आहे, सारखे विनोद करतो, आणि त्याला प्रत्युत्तर कसं द्यायचं याची स्टीव्हन्सला चिंता आहे. जुनी सहकारी मिस केंटन हिचं पत्र आलंय. ती परत कामावर येईल का ते पाहायचं. वाटेत तो आठवणी सांगतो. थोर बटलर कुणाला म्हणावं. चांदीची भांडी कशी लखलखीत हवीत. त्याचे आधीचे धनी लॉर्ड डार्लिंग्टन किती मोठ्या मनाचे होते.

आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' हा मोठा गुण. स्टीव्हन्सनं जन्मभर तेवढंच केलं. ज्याचं मीठ खाल्लं तो माणूसच चुकीच्या बाजूला उभा होता, हे म्हातारपणी कळलं तर काय करायचं, एवढाच या कादंबरीचा प्रश्न. डार्लिंग्टन दुष्ट नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर अन्याय झाला असं त्याला मनापासून वाटतं, तो त्यांच्यासाठी खटपट करतो आणि बघता बघता नाझींच्या हातचं बाहुलं होतो. एक दिवस तो सांगतो की घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाका. मिस केंटन चिडते, राजीनाम्याची धमकी देते. स्टीव्हन्स शांतपणे हुकूम बजावतो. बऱ्याच महिन्यांनी, मालकालाच पश्चात्ताप झाल्यावर, तो तिला म्हणतो की मलाही तेव्हा वाईटच वाटलं होतं. ती विचारते, मग तेव्हा का नाही बोललात? यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

आता स्टीव्हन्सच्या वडिलांची आवडती गोष्ट ऐका, कारण ती भारतात घडते. एका साहेबाबरोबर हिंदुस्थानात गेलेला बटलर जेवणघरात येतो, तर टेबलाखाली वाघ. तो दार अलगद लावून दिवाणखान्यात जातो, पाहुण्यांसोबत चहा पीत बसलेल्या मालकाच्या कानाशी लागून बंदूक वापरायची परवानगी मागतो. तीन बार होतात. मग चहाची किटली भरायला येऊन तो सांगतो की जेवण नेहमीच्या वेळेला वाढलं जाईल आणि तोवर घडल्या प्रकाराची काही खूण उरलेली नसेल. थोर बटलर म्हणजे हा! स्टीव्हन्सच्या बापानं आयुष्यभर ही गोष्ट सांगितली. आणि हाच बाप, लॉर्ड डार्लिंग्टनच्या घरी भरलेल्या १९२३ च्या परिषदेच्या रात्री, वरच्या खोलीत मरत असतो तेव्हा मुलगा खाली पाहुण्यांना पोर्ट वाइन वाढत असतो. त्याला कसं वाटलं, हे तो आपल्याला सांगत नाही. एक पाहुणा आणि खुद्द मालकच त्याला विचारतात की बरं आहे ना, चेहरा रडवेला दिसतोय. आपल्याला तो रडत होता हे कळतं ते असं, दुसऱ्यांच्या तोंडून. टेबलाखालचा वाघ मारला गेला, खूण उरली नाही.

इशिगुरो वाचायची किल्ली माझ्या मते इथेच आहे. निवेदक जे सांगतो त्यापेक्षा तो कुठे विषय बदलतो, कुठे एकदम नियमावर किंवा कामाच्या पद्धतीवर घसरतो, ते पाहत राहायचं.

शेवटी वेमथ या समुद्रकाठच्या गावी धक्क्यावर एका बाकावर तो अनोळखी माणसापाशी मोकळा होतो: साहेबांनी निदान स्वतःच्या चुका तरी केल्या, मला तेवढंही म्हणता येत नाही. आणि मग डोळे पुसून ठरवतो की परत गेल्यावर थट्टामस्करीचा सराव करायचा, म्हणजे नवे मालक खूश होतील. हसावं की रडावं कळत नाही.

आणखी एक गोष्ट कादंबरीत नाही म्हणून सांगतो. त्याच महिन्यात, २६ जुलै १९५६ ला, इजिप्तच्या अध्यक्ष नासेरनं सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि थोड्याच महिन्यांत ब्रिटिश साम्राज्याचा उरलासुरला डौल उतरला. पुस्तकात सुएझचा शब्द नाही. हा महिना लेखकानं सहज निवडला असेल असं मला वाटत नाही.

ती चार आठवड्यांत लिहिली हे खरं?

कच्चा मसुदा, हो. १९८७ चा उन्हाळा, दक्षिण लंडनमधलं सिडनहॅमचं घर. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत फक्त लेखन. जेवायला एक तास, संध्याकाळच्या जेवणाला दोन. पत्रं नाहीत, फोन नाही, पाहुणे नाहीत. स्वयंपाक आणि घरकामातला त्याचा वाटा तेवढे दिवस लॉर्नानं उचलला. (हे वाक्य लेखक मंडळी सांगताना नेहमी गाळतात, त्यानं गाळलेलं नाही.) मात्र त्याआधी बटलरांवरची, दोन युद्धांमधल्या राजकारणावरची पुस्तकं वाचून तयारी झालेली होती. आणि मसुदा झाल्यावर अमेरिकन गायक टॉम वेट्सचं एक गाणं ऐकताना त्याला उमगलं की एवढा चिलखत घातलेला माणूसही कुठेतरी एकदा फुटायला हवा. बाकावरच्या त्या प्रसंगाचं मूळ त्या गाण्यात आहे. कादंबरीला १९८९ चं बुकर मिळालं.

सिनेमा आधी पाहू की पुस्तक आधी वाचू?

पुस्तक. पण सिनेमाही सोडू नका. १९९३ चा हा चित्रपट मर्चंट-आयव्हरी जोडीचा. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, आणि निर्मात्यांतले इस्माईल मर्चंट जन्मानं मुंबईकर. पटकथा रूथ प्रॉवर झाबवाला यांची, ज्यांनी दिल्लीत वीसेक वर्षं संसार केला. इंग्लंडच्या बड्या घराची ही सगळ्यात इंग्लिश गोष्ट जपानमध्ये जन्मलेल्यानं लिहिली आणि तिच्यावर मुंबईच्या माणसानं सिनेमा काढला! मुख्य भूमिकांत अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्प्सन. ऑस्करची आठ नामांकनं, पुरस्कार एकही नाही. मर्चंट यांनी निर्माण केलेल्या शेवटच्या चित्रपटांपैकी 'द व्हाइट काउंटेस' (२००५) याची पटकथा इशिगुरोचीच होती.

'नेव्हर लेट मी गो' विज्ञानकथा आहे का? आणि ती मुलं पळून का जात नाहीत?

(गुपित फुटतं. ही वाचायची असेल तर पुढच्या प्रश्नाकडे चला.)

विज्ञान त्यात जवळजवळ नाही. १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध, इंग्लंड, पण थोडं वेगळं इंग्लंड. एकतीस वर्षांची कॅथी हेलशॅम नावाच्या निवासी शाळेतले दिवस आठवते. चित्रं, खेळ, रुसवेफुगवे, एक हरवलेली कॅसेट. हळूहळू कळतं की ही मुलं क्लोन आहेत, मोठी झाल्यावर त्यांचे अवयव एकेक करून काढले जाणार आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती संपणार आहेत. 'मरणं' हा शब्द कुणी वापरत नाही, 'पूर्ण होणं' म्हणतात. अवयव काढून घेण्याला म्हणतात 'दान'. मराठीत हा शब्द तर आणखीनच अंगावर येतो, कारण आपल्याकडे दानाला पुण्य चिकटलेलं आहे.

पळून का जात नाहीत, हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. कुंपण नाही, पहारेकरी नाहीत, गाडी चालवता येते. कादंबरीत पळण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. पहिल्या वाचनात मलाही चीड आली होती. इशिगुरोचं म्हणणं असं की बंडखोर गुलामांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. माणसं बहुतेक वेळा दिलेलं नशीब स्वीकारून त्यातच चांगलं काम करायला धडपडतात, त्याला ते दाखवायचं होतं. कॅथीला आपण उत्तम सुश्रूषा करतो याचा अभिमान आहे, अगदी स्टीव्हन्सला चांदीचा असतो तसा. त्यांना हवा आहे फक्त तीन वर्षांचा वाढीव अवधी, तोही खरं प्रेम सिद्ध केलं तर. तुम्हीआम्ही याहून फार वेगळं काय मागतो?

हे पुस्तक त्यानं आधी दोनदा सुरू करून सोडून दिलं होतं. तरुण विद्यार्थ्यांचं आयुष्य अकाली संपणार एवढं ठरलेलं होतं, कशानं ते सुचत नव्हतं. क्लोनिंगच्या बातम्यांनी ती अडचण सोडवली. २०१० मध्ये त्यावर चित्रपटही आला.

'द अनकन्सोल्ड' मी दीडशे पानांवर सोडली. माझंच काही चुकलं का?

नाही. रायडर नावाचा प्रसिद्ध पियानोवादक मध्य युरोपातल्या एका बिननावाच्या शहरात कार्यक्रमासाठी येतो. त्याचं वेळापत्रक भरगच्च आहे, पण ते त्याला कुणी दाखवत नाही. जो भेटतो तो 'एक छोटीशी विनंती' करतो आणि लांबलचक कर्मकथा ऐकवतो. लिफ्टमधल्या दोन मिनिटांत हमाल पानंच्या पानं भाषण ठोकतो. अनोळखी बाई बायको निघते, अनोळखी पोरगा मुलगा. स्वप्नात असतं तसं: परीक्षेला पोचायचंय आणि चप्पलच सापडत नाही. पाचशेहून जास्त पानं. काही समीक्षकांनी ती अक्षरशः धुऊन काढली, काहींनी श्रेष्ठ म्हटली. मी दुसऱ्या खेपेला पूर्ण केली, तापात पडलेला होतो म्हणून. तब्येत चांगली असताना वाचवेल की नाही ते सांगता येत नाही.

'द बरीड जायंट'मध्ये ड्रॅगन कुठून आला?

राजा आर्थरनंतरचं इंग्लंड आहे, ब्रिटन लोक आणि सॅक्सन लोक अशी माणसांची दोन कुळं शेजारी शेजारी शांततेत राहताहेत. सगळ्या देशावर एक धुकं पसरलंय आणि त्यात लोक विसरतात, कालचंही आणि जुनंही. अ‍ॅक्सल आणि बिअट्रिस हे म्हातारं जोडपं मुलाला शोधायला निघतं. धुकं हा एका मादी ड्रॅगनचा श्वास आहे. तिला मारलं तर सगळ्यांना सगळं आठवेल, नवराबायकोला एकमेकांचे घाव आणि दोन्ही कुळांना झालेली कत्तल. मारायची का? युगोस्लाव्हियाची शकलं होताना आणि रवांडात जे घडलं ते या कादंबरीमागे आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसं जुनं काहीतरी उकरून निघताच एकमेकांवर कशी उठली, हा प्रश्न. कथनाचा वेग मंद आहे, संवाद कधी कधी कृत्रिम वाटतात. तरीही शेवटचं प्रकरण, तो नावाडी आणि ती दोघं, मी विसरू शकलेलो नाही.

याचा पहिला मसुदा लॉर्नानं वाचला आणि सांगितलं की हे चालणार नाही, पहिल्यापासून लिही. त्यानं पहिल्यापासून लिहिलं.

'क्लारा अँड द सन'?

क्लारा ही दुकानात विकायला ठेवलेली कृत्रिम मैत्रीण, सूर्यप्रकाशावर चालणारी. आजारी मुलीच्या घरी येते आणि सूर्याला देव मानून तिच्यासाठी नवस बोलते. सगळ्यात निर्मळ श्रद्धा यंत्राकडे आहे, ही कल्पना छान आहे. मधला भाग मला थोडा पातळ वाटला. आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं पुस्तक. ती २०१९ मध्ये गेली.

नोबेल नेमकं कशासाठी?

५ ऑक्टोबर २०१७ ला जाहीर झालं. जगाशी आपलं नातं आहे या भ्रमाखालची खोल दरी त्यानं मोठ्या भावनिक ताकदीच्या कादंबऱ्यांतून उघडी केली, असा स्वीडिश अकादमीच्या निवेदनाचा आशय. त्याला स्वतःला आधी ती कुणाची तरी थाप वाटली होती.

त्याचं इंग्रजी झेपेल का?

सहज. वाक्यं साधी, शब्द नेहमीचे. त्याची पुस्तकं अनेक भाषांत जातात हे ठाऊक असल्यानं तो शब्दांवरच्या कोट्या, कपड्यांच्या किंवा दुकानांच्या नावांवर उभे असलेले तपशील जाणूनबुजून टाळतो.

मग मराठी अनुवादही सोपाच?

नाही ना! साधं वाक्य कुणाच्या तोंडी आहे हेच तर सगळं. स्टीव्हन्सला कोणतं मराठी द्यायचं? जुन्या संस्थानी कारभाऱ्याचं, 'आज्ञा व्हावी' छापाचं दिलं तर ते नाटकी होईल. प्रमाण कचेरीचं दिलं तर त्याची ऐट जाईल. मिस केंटनशी तो जन्मभर 'तुम्ही'वरच राहणार हे नक्की, आणि इंग्रजीत जे अंतर पानभर वर्णनानं उभं करावं लागतं ते आपल्याला एका सर्वनामात मिळेल. सगळ्यात सुंदर जागा मरणशय्येवरच्या बापाची. तिथे मुलगा बापाला 'तुम्ही' म्हणत नाही, समोर असूनही तिसऱ्याबद्दल बोलावं तसं विचारतो: बाबांना आता बरं वाटतंय ना? इंग्रजीत ते विचित्र आणि थंडगार वाटतं. मराठीत ते अगदी घरगुती, मायेचंही वाटू शकेल. आणि तिथेच अनुवादकाची पंचाईत होईल.

अजून गाणी लिहितो का?

हो. जॅझ गायिका स्टेसी केंटसाठी २००७ पासून, संगीत तिचा नवरा जिम टॉमलिन्सन याचं. या गीतांचं पुस्तकही २०२४ मध्ये निघालं. गाणी लिहिताना जे सांगायचं ते ओळींच्या मध्ये ठेवायला शिकलो आणि तेच कादंबरीत वापरलं, असं तो म्हणतो. 'नॉक्टर्न्स'मधल्या कथाही गाण्याबजावण्यातल्या माणसांच्याच. व्हेनिसच्या कालव्यात बायकोसाठी गाणाऱ्या उतरत्या काळातल्या गायकाची पहिली कथा तेवढी चुकवू नका.

पुस्तक वाचायला वेळच नाही. दोन तासांत काही?

'लिव्हिंग' पाहा, २०२२ चा. अकिरा कुरोसावाच्या १९५२ च्या 'इकिरू'ची गोष्ट इशिगुरोनं टोकियोतून उचलून १९५३ च्या लंडनमध्ये, तिथल्या काउंटी कौन्सिलच्या कचेरीत आणली. या पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं. बिल नायनं वठवलेला मिस्टर विल्यम्स हा खातेप्रमुख, सहा-आठ महिने आयुष्य उरलेला. काही बायका मुलांच्या खेळाच्या मैदानाचा अर्ज घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर, या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतात. टेबलावरचा फायलींचा ढीग उंचच ठेवायचा, कमी झाला तर हा रिकामटेकडा आहे असा संशय येतो, हे नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. महापालिकेत एखाद्या कामासाठी चार चकरा मारल्या असतील तर एवढा भाग सबटायटलशिवायही कळेल.